मोडीचा भाव

जुळे सोलापूर हे नावाप्रमाणेच सोलापूरचं धाकटं भावंड. रेल्वेच्या रुळांच्या दक्षिणेला, विजापूर रस्ता आणि होटगी रस्त्याच्या मधल्या माळावर वसलेलं. जुन्या पेठांमध्ये माळे आहेत, कोनाडे आहेत, बंद पडलेल्या खोल्या आहेत. इथं सगळं प्लॉट पाडून, नकाशा मंजूर करून उभं राहिलेलं. जुनं काही सापडावं अशी जागाच नाही, असं कुणालाही वाटेल. पण दुपारची जेवणं उरकली की फाटकाशी हाक येते, "कपड्यावर भांडीऽऽ", आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटांची दारं उघडायला लागतात.

मग पायरीवर बैठक बसते. पाटीतले स्टीलचे डबे, पातेली, चाळण्या एकेक करून खाली उतरतात. कपाटातलं गाठोडं समोर येतं. बोहारीण साडी उजेडाकडे धरते, दोन्ही हातांनी ताणून पाहते, निऱ्यांचा भाग तपासते. "आक्का, ही विरलीय. हिच्यावर डबा न्हाई बसत." "अहो मावशी, दोनदा नेसलेली साडी आहे ती." "मग वरनं एक प्यांट टाका." पँट येते, तिच्यावर एक शर्ट चढतो, डबा पुन्हा पाटीत जातो आणि त्याच्या जागी झाकणाची बरणी येते. हा सौदा अर्धा तास चालतो आणि शेवटी आपणच फसलो, अशी तक्रार दोन्ही बाजूंनी होते. तशी तक्रार झाल्याशिवाय सौदा पुरा झाला असं दोघींनाही वाटत नाही.

जुन्या वस्तूंच्या खरेदीचा इतिहास इंग्रजीतून वाचला की तो ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर जाऊन थांबतो. तिथं १९४७-४८च्या सुमारास ऑक्सफॅम या मदतसंस्थेनं लोकांनी दान दिलेल्या वस्तूंचं कायमचं दुकान थाटलं आणि पुढं तशी दुकानं विलायतेतल्या गावोगावी झाली. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला स्वस्तात माल, मधला नफा गरिबांना. मराठी मुलखात हे दुकान कधी रुजलं नाही. अंगावरून उतरलेला कपडा परक्याचा म्हणून पैसे मोजून घ्यायचा, ही कल्पनाच इथल्या मध्यमवर्गाच्या पचनी पडत नव्हती. त्यामागं सोवळंओवळं होतं, जात होती, 'लोक काय म्हणतील' होतं. जुन्या कपड्याला मान होता तो दोनच ठिकाणी: बाळंतिणीच्या खोलीत, कारण तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, आणि वाकळीत, जिथं आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर आणि नातवाचा सदरा एकावर एक शिवले जात. बोहारणीनं यातून पळवाट काढून दिली. कुणी दान केलं नाही, कुणी घेतलं नाही. कपड्यावर भांडं आलं, एवढंच.

पाटीतला माल मात्र काळाप्रमाणे बदलत गेला. काचेची बरणी आणि कपबश्या होत्या, मग साठ-सत्तरच्या दशकांत स्टील घरोघर पोचलं आणि पुढची चाळीस वर्षं पाटीवर त्याचंच राज्य राहिलं. आता प्लास्टिकचे टब आणि बादल्याही दिसतात. मुंबईत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला तो मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांनी. गोळा झालेल्या कपड्यांची रात्री वर्गवारी होते. धड असेल ते धुऊन, इस्त्री करून आठवडे बाजारात जातं. फाटकं असेल त्याच्या चिंध्या होऊन गॅरेजात आणि छापखान्यात तेल पुसायला जातात. लोकरीच्या कपड्यांची वाट वेगळी. जगभरच्या थंड देशांतून उतरलेली लोकर हरियाणातल्या पानिपतला पोचते, तिथं ती पिंजून, कातून तिच्या स्वस्त घोंगड्या होतात. त्याच पानिपतच्या मागांवर विणलेला माल 'सोलापुरी चादर' म्हणून बाजारात खपवला जातो, अशी सोलापूरच्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तक्रार मिटलेली नाही. पानिपतनं मराठी माणसाला दुसऱ्यांदा गाठलं ते असं.

बोहारणीच्या मागोमाग, पण तिच्यापेक्षा हळू आवाजात, आणखी एक माणूस गल्लीत फिरायचा: "जुनी जर, जरीचं लुगडं, शालू, पैठणीऽ." हा कपडा ताणून पाहत नसे. काठ नखानं खरवडून पाही. अस्सल जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. नखाखाली लालसर तांबं दिसलं की तो मान हलवी. पांढरं चमकलं की तराजू काढी. घेतलेल्या काठापदरांचं पुढं काय होई, ते विकणाऱ्या बाईला ठाऊक असे आणि ती विचारत नसे. काठ कापून लोखंडी कढईत जाळायचे, राख पाण्यानं धुवायची, उरलेली तार टाकणखारासोबत मुशीत वितळवायची. तळाशी चांदीचा मणी बसे. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकरानं महिनोन्‌महिने मागावर बसून काढलेले मोर, पोपट आणि नारळी काठ शेवटी काही तोळ्यांच्या भावानं मोजले जात. 'जुनं ते सोनं' ही म्हण इतक्या शब्दशः फार थोड्या ठिकाणी खरी ठरली असेल.

जुन्या बाजाराची सगळी गंमत आणि सगळी हानी या एका गोष्टीत आहे. विकणारा वजनानं विकतो. वस्तूत किती चांदी, किती पितळ, किती कागद, एवढंच त्याला दिसतं. जो घडण पाहतो त्याच्यासाठी ती वस्तू घबाड असते, कारण तिच्या घडणीची किंमत कुणी मागितलेलीच नसते. ज्या वस्तूकडे असा पाहणारा वेळेत पोचत नाही, ती मुशीत जाते.

सिनेमाचंही हेच झालं. जुन्या फितीवर चित्र उमटतं ते चांदीमुळे, आणि चित्रपट थिएटरातून उतरला की त्याची रिळं चांदी काढून घेणाऱ्यांना विकण्याचा धंदा मुंबईत जोरात होता. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्याचा माग काढत निर्मात्याच्या घरी पोचले, तेव्हा रिळं चांदीसाठी गेल्याचंच त्यांना ऐकावं लागलं. शालू काय नि सिनेमा काय, कढई एकच.

मराठी घरांतून सर्वांत जास्त वजनानं बाहेर पडलं ते मात्र पितळ. पितळी भांड्याला कल्हई लागते. कल्हईवाला दारात भाता मांडून बसे, नवसागराचा धूर होई, कथलाची पांढरी झाक भांड्यात फिरे. स्टीलला यातलं काही लागत नव्हतं. चिंचेनं घासायला नको, आमटी कळकायची भीती नको. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सासरमाहेरची सगळी पितळी मांडणी खाली उतरली. घंगाळं, बंब, परात, हंडे, कळश्या पोत्यात भरून कासाराकडे गेल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचा सेट आला. या व्यवहाराला शब्दही होता: मोड. मोडीचा भाव नव्या भांड्याच्या भावापेक्षा कितीतरी कमी, कारण घडणावळ त्यातून वजा. 'मोडीत काढणं' हा शब्दप्रयोग आज सरकारी धोरणापासून जुन्या लग्नापर्यंत कशालाही वापरतात. तो आला या तराजूवरून.

त्या भांड्यांवर नावं असायची. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली, काठाखाली किंवा कानाजवळ. कुणाच्या लग्नात मामाकडून, कुणाच्या मुंजीत आत्याकडून, कुणाच्या स्मरणार्थ, कुठल्या गावी, कुठल्या तारखेला. पोथीत नसेल इतका घराण्याचा इतिहास एका परातीवर असे. सोलापुरात ही अक्षरं मराठीसारखीच कानडी आणि तेलुगू घरांच्या भांड्यांवरही असत, कारण गिरण्या आणि हातमागांमुळे हे शहर निदान तीन भाषांत संसार करत आलं आहे. मोड वितळवताना हे सगळं एका रसात जाई. जी भांडी त्यातून सुटली, ती आजही जुन्या बाजारात त्याच नावांनिशी मांडलेली दिसतात. विकणारा नाव घासून काढायच्या भानगडीत पडत नाही.

असे बाजार मुलखात अनेक. सोलापूरच्या शौकिनाला दोन वाटा. पश्चिमेला अडीचशे किलोमीटरवर पुण्याचा जुना बाजार. पूर्वेला तीनशेवर हैदराबादचा जुमेरात बाजार, म्हणजे गुरुवारचा. पुण्यात मंगळवार पेठेच्या कडेला बुधवारी आणि रविवारी फुटपाथवर ताडपत्र्या पसरतात. पान्हे, पक्कड, ड्रिलची टोकं, एका पायाचे बूट, रेडिओची खोकी, चष्म्याच्या काड्या, आणि मधेच व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा. मुंबईत भेंडी बाजाराच्या अंगाला मटन स्ट्रीटवर चोरबाजार आहे. मूळ नाव 'शोर बाजार', गोंगाटाचा बाजार, आणि साहेबाच्या तोंडी त्याचा चोर झाला, अशी व्युत्पत्ती तिथं प्रत्येक जण सांगतो. ती खरी असो वा नसो, गिऱ्हाईक चोरबाजार हेच नाव ऐकून येतं, हे दुकानदारांना पक्कं माहीत आहे.

या बाजारांची आणि वाड्यांच्या अडगळीची सर्वांत मोठी शिकार केली ती एका चष्मेवाल्यानं. दिनकर गंगाधर केळकर, काका केळकर, जन्म १८९६चा. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत, पुण्यात घरचा चष्म्यांचा व्यवसाय सांभाळत. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि पुढची सत्तर वर्षं सुटला नाही. त्या काळी संग्राहक म्हटला की तो तलवारी, नाणी, राजेरजवाड्यांची चित्रं शोधायचा. केळकरांनी अडकित्ते शोधले. दिवे, कुलपं, दौती, कुंकवाचे करंडे, शेवयांचे साचे, बाहुल्या, दारांच्या चौकटी शोधल्या. मराठी माणसाला जे मोडीत घालताना दोनदा विचार करावासा वाटत नव्हता, नेमकं तेच.

त्यांच्या संग्रहातली वज्री पाहावी. वज्री म्हणजे न्हाणीघरात टाच घासायचं साधन. खालचा भाग खरखरीत, वर धरायला पितळी मूठ. आता मुठीला मूठ पुरे होती. पण घडवणाऱ्यानं कुठं तिच्यावर पोपटांची जोडी बसवली आहे, कुठं हत्ती, कुठं आत खडे घालून अशी पोकळी ठेवली आहे की घासताना छुमछुम वाजावं. टाचेच्या भेगा घासायच्या वस्तूला आवाज द्यावासा वाटणं, ही त्या समाजाबद्दलची माहिती कुठल्याही बखरीत नाही. तराजूवर त्या वज्रीचं वजन पावशेर भरलं असतं.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. या खटाटोपात पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि अशा नादापायी घर चालवणाऱ्या बाईला काय काय सोसावं लागलं असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. कोथरूडला असलेला मस्तानीचा महाल मोडकळीला आला तेव्हा केळकरांनी त्याचे भाग उचलून आणले आणि बाजीराव रस्त्यावरच्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वस्तू वीस हजारांवर. त्यांतल्या मांडायला जागा मिळते ती थोड्याच. १९९० साली ते गेले.

सोलापूरच्या जवळ त्यांचा एक सख्खा वारसदार शोभावा असा माणूस होऊन गेला. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचं नाव येतं ते व्यापारी शहर. तिथं पाऊस पडला की शेतात मणी, खापरं, मृण्मूर्ती उघड्या पडत. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे हे सगळं जमा करत राहिले. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये उभं आहे. तिथल्या हस्तिदंती बाहुलीचं नातं इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या बाहुलीशी सांगतात. कायद्यानं पाहिलं तर पुरलेल्या धनाचा मामला नाजूक आहे: १८७८चा एक कायदा अजून जिवंत आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. दहा रुपयांत आता भंगारवाला गोणीही देणार नाही.

कागदाची गोष्ट तर जिव्हारी लागणारी. पेशवाई गेली, घराणी बसली, आणि मोडी लिपीतल्या दप्तरांना विचारणारं कुणी उरलं नाही. मोडी मोडीत निघाली, असं म्हणायला कोटी नको, तसंच झालं. वाळवी, पावसाळा आणि वाण्याच्या पुड्या यांनी आपापला वाटा घेतला. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत वाड्यांचे माळे धुंडाळू लागले ते याच काळात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पानिपतच्या आधीच्या दहा-बारा वर्षांची पत्रं घेऊन. असे बावीस खंड झाले. मराठ्यांचा इतिहास म्हणून आज जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग रद्दीच्या तराजूपासून हातभर अंतरावरून परत आणलेला आहे.

सोलापूरच्या वाट्याला गिरण्या आल्या. १८७७ला सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी पुढं 'जुनी मिल' या नावानंच ओळखली गेली. जणू तिचं जुनं होणं आधीच ठरलेलं होतं. ऑगस्ट १९४९मध्ये ती बंद पडली, जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या खटल्याचा डिसेंबर १९५०चा निकाल कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्याही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा त्याच्या आगेमागे थंडावल्या.

गिरणी मोडते तेव्हा यंत्रं टनावर विकली जातात, पण किडुकमिडुक कामगारांच्या घरी, भंगारवाल्याच्या कोपऱ्यात रेंगाळतं. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना पोलादी टोपी, मधल्या खाचेत कांडी बसायची जागा, हाताच्या घामानं काळवंडलेला. कामगाराचा नंबर ठोकलेला पितळी बिल्ला. कापडाच्या ताग्यावर चिकटवायचे रंगीत छापील टिके, त्यांवर लक्ष्मी, राजे, वाघ, आगगाड्या. हे टिके आता संग्राहक चौकटीत लावतात. जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची माळ मात्र कुणी फारशी जपली नाही. चादरीवरची प्रत्येक नक्षी त्या भोकांत लिहिलेली असे. माळ रद्दीत गेली की नक्षीच गेली.

इथं एक उलटी बाजूही सांगायला हवी. जुनं घेणं हा महाराष्ट्राच्या कापडधंद्यात केवळ शौक नव्हता. भिवंडी, मालेगावसारखी यंत्रमागांची गावं उभी राहिली ती मोठ्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग विकत घेऊन. मुंबईच्या मालकाला जे भंगार होतं, त्यावर दुसऱ्या गावात दोन पिढ्यांचं पोट चाललं. तेच माग आता भंगारात निघाल्याच्या बातम्या येतात, पुन्हा किलोवर.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोडीचं गणित फिरलं आहे. शहरातल्या हॉटेलांना दारात घंगाळ लागतं, त्यात पाकळ्या तरंगत ठेवायला. तांब्याचा बंब दिवाणखान्यात कोपऱ्यात उभा राहतो, ज्यांनी त्याचा धूर कधी खाल्ला नाही त्यांच्या. भाव वाढला की नक्कल येतेच. जुन्या बाजारातली निम्मी शिवराई आता काल-परवाची असावी अशी शंका घ्यावी; रामदरबाराचं चित्र असलेली 'चमत्कारी' नाणी तर बिनदिक्कत खोटी समजावीत. चांदीचा जुना कलदार रुपया असेल तर काट्यावर ठेवून पाहावा. तो ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, झीज धरून थोडा कमी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत; हस्तलिखितांसाठी मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे. फुटपाथवर हे कुणी सांगत नाही.

जुळ्या सोलापुरातल्या घरांतही पितळ शिल्लक आहे. पेठेतलं घर वाटण्यांत विकलं, तेव्हा एखादा हंडा, एखादी परात आईनं हट्टानं सोबत आणलेली असते. ती वरच्या टाकीजवळ किंवा जिन्याखाली पालथी पडलेली असते. तिला एक दिवस मोडीत जायचंच असेल, तर हरकत घेणारे आपण कोण? फक्त काट्यावर चढवण्याआधी ती चिंचेनं घासा, काठाखालचं नाव वाचा, साल आणि गाव वहीत टिपून घ्या, मोबाइलवर एक फोटो काढा. तेवढा वेळ भंगारवाला थांबतो.